कलाशांच्या तीन दऱ्या आणि जनगणनेचा रकाना

हिंदुकुशाच्या कुशीत, आजच्या पाकिस्तानातील चित्राल भागात, बुंबुरेत, रुंबुर आणि बिरीर नावाच्या तीन अरुंद दऱ्या आहेत. तिथे कलाश नावाचा सुमारे चार हजार माणसांचा समाज आपले जुने देवधर्म सांभाळून राहतो. भारतीय नागरिकाला तिथे जाणे सोपे नाही. त्यामुळे माझी त्यांच्याशी ओळख आहे ती पुस्तकांतून आणि वृत्तांतांतून. तरीही गेली काही वर्षे या इवल्याशा समाजाची कहाणी माझ्या मनातून जात नाही. कारण ती बहुसंख्याकांच्या देशात राहणाऱ्या प्रत्येक लहान समाजाची कहाणी आहे.

एकेकाळी हा प्रदेश खूप विस्तीर्ण होता. शेजारचे मुसलमान त्याला काफिरिस्तान म्हणत. १८९३ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानच्या वतीने सर मॉर्टिमर ड्युरँड यांनी अफगाणिस्तानचा अमीर अब्दुर रहमान याच्याशी सरहद्दीचा करार केला आणि या मुलखाचा बहुतेक भाग अमिराकडे गेला. दोन-तीन वर्षांतच, १८९५-९६ च्या हिवाळ्यात, त्याच्या फौजा तिथे घुसल्या. लोकांना सक्तीने मुसलमान करण्यात आले आणि प्रदेशाचे नाव बदलून नूरिस्तान, म्हणजे प्रकाशाचा देश, असे ठेवण्यात आले. कलाशांच्या दऱ्या मात्र ब्रिटिशांचा मांडलिक असलेल्या चित्रालच्या मेहतराच्या ताब्यात होत्या. तो त्यांच्याकडून वेठबिगार करून घेई; पण त्याच्या छत्राखाली त्यांचे देव वाचले. ही रेघ आखताना कोणी कलाशांचा विचार केला नव्हता, आणि तरीही त्यांचे भवितव्य तिनेच ठरवले. १९४७ मध्ये चित्राल संस्थान पाकिस्तानात सामील झाले आणि १९६९ मध्ये ते पूर्णपणे विलीन झाले.

जे वाचले ते मोलाचे होते. कलाशांची भाषा दार्दिक गटातील, म्हणजे काश्मिरी आणि शिना यांच्या नात्यातली. वसंतात जोशी, उन्हाळ्याअखेरीस उचाव आणि ऐन हिवाळ्यात चौमोस हे त्यांचे मोठे सण. काळा पायघोळ झगा आणि कवड्यांनी मढवलेले शिरोभूषण हा स्त्रियांचा पेहराव. समुद्रापासून इतक्या दूर, बर्फाळ डोंगरांत कवड्यांना असा मान मिळावा, यातच जुन्या व्यापारी वाटांची साक्ष आहे. शुद्ध आणि अशुद्ध हा भेद त्यांच्या जीवनाचा कणा आहे. उंचावरची कुरणे आणि शेळ्या शुद्ध मानल्या जातात, तर रजस्वला आणि बाळंतीण स्त्रिया गावाबाहेरच्या ‘बशाली’ नावाच्या घरात राहतात. हे वाचून भारतीय वाचकाला ओळखीचे वाटेल आणि थोडे अस्वस्थही. क्षितिजावरच्या ठरावीक खुणांवरून सूर्याचे स्थान निरखून पेरणीचे आणि सणांचे दिवस ठरवण्याच्या त्यांच्या विद्येला ‘सूरी जागेक’ म्हणतात. २०१८ मध्ये युनेस्कोने तिचा समावेश तातडीने जतन करण्याजोग्या वारशाच्या यादीत केला.

पण जगाला कलाशांपेक्षा त्यांच्या उगमाच्या दंतकथेतच अधिक रस असतो. हे अलेक्झांडरच्या सैनिकांचे वंशज, असे गेले शतकभर सांगितले जाते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात अशा ग्रीक मिश्रणाचा पुरावा आढळला नाही. दीर्घकाळ वेगळा राहिलेला एक प्राचीन समूह, एवढेच त्यातून दिसले. आपल्याकडेही उत्साही मंडळींची उणीव नाही. कलाशांच्या देवमालिकेतील महांदेव हे नाव ऐकताच त्यांना वैदिक काळाचे जिवंत अवशेष ठरवून मोकळे होणारे लोक मी पाहिले आहेत. लडाखमधील दाह-हनूच्या ब्रोकपांना ‘शुद्ध आर्य’ म्हणून पर्यटकांपुढे उभे करण्यामागेही हीच वृत्ती आहे. जिवंत माणसांना दुसऱ्या कुणाच्या तरी भूतकाळाचा पुरावा केले, की त्यांच्या आजच्या गरजा कुणाला दिसत नाहीत.

त्या गरजा अगदी साध्या आहेत. अक्रोडाचे झाड ही कलाश कुटुंबाची पुंजी. अडीअडचणीच्या काळात अशी कितीतरी झाडे बाहेरच्या सावकारांकडे गहाण पडली. पर्यटन वाढले, पण त्यातला मोठा नफा बाहेरच्यांच्या हॉटेलांत जातो. यात्रेकरूंसारखे आलेले लोक नाचणाऱ्या मुलींची परवानगीवाचून छायाचित्रे घेतात. शाळेच्या पाठ्यपुस्तकांत त्यांच्या धर्माला दीर्घकाळ स्थान नव्हते. विवाहाने किंवा दबावाने कुणी धर्म सोडला, तर परतीची वाट जवळजवळ बंद असते. २०१४ मध्ये तालिबानने चित्रफितीद्वारे त्यांना उघड धमकी दिली, तेव्हा पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची दखल घेतली. २०१७ च्या जनगणनेत आपली स्वतंत्र नोंद व्हावी म्हणून त्यांना पेशावरच्या उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. पुढच्याच वर्षी वझीर जादा हे खैबर पख्तुनख्वा विधानसभेतील पहिले कलाश सदस्य झाले. या घटनांना दंतकथेचे आकर्षण नाही. पण समाज टिकतो तो अशा घटनांनीच.

जनगणनेच्या त्या रकान्यापाशी कलाशांचा प्रश्न आपल्याही दाराशी येतो. आपल्या जनगणनेत सहा धर्मांना स्वतंत्र संकेतांक आहेत आणि उरलेले सारे ‘इतर’ या सदरात जातात. २०११ मध्ये सुमारे ५० लाख लोकांनी आपला धर्म ‘सरना’ असा लिहवून घेतला. जैनांची संख्या तेव्हा सुमारे ४५ लाख होती. त्यांना संकेतांक होता, सरना मानणाऱ्यांना नव्हता. नोव्हेंबर २०२० मध्ये झारखंड विधानसभेने स्वतंत्र सरना संकेतांकाचा ठराव एकमताने मंजूर केला. २०२७ ची जनगणना जाहीर झाली तरी ही मागणी प्रलंबितच आहे.

शेजारच्या देशातील अल्पसंख्याकांविषयी आपण कळवळ्याने बोलतो, आणि बोलावेही. पण त्या कळवळ्याची पारख घरात होते. कलाश माणसाला कलाश म्हणूनच मोजले पाहिजे, असे आपल्याला मनापासून वाटत असेल, तर छोटानागपूरच्या सालवृक्षाखाली पूजा करणाऱ्याला ‘इतर’ म्हणण्याचे कारणही आपण सांगितले पाहिजे. मला तरी ते सापडलेले नाही.