ऐकणारा कॅमेरा

'मॉन्टरे पॉप' या चित्रपटाचा शेवटचा भाग सुमारे अठरा मिनिटांचा आहे आणि त्यातली पहिली काही मिनिटं वादक दिसतच नाहीत. सतार ऐकू येत असते आणि पडद्यावर असतात नुसती माणसं. कोणी डोळे मिटून बसलेलं, कोणी पेंगणारं, कोणी उगाच हिंडणारं. मग कधीतरी कॅमेरा मंचाकडे वळतो आणि रविशंकर, अल्लारखाँ, तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती असे तिघं दिसतात. तोवर आपण त्या गर्दीत मिसळून गेलेलो असतो.

कॅलिफोर्नियातला हा महोत्सव १९६७ च्या जूनमध्ये झाला. रविशंकर रविवारी दुपारी वाजवून मोकळे झाले होते. जिमी हेंड्रिक्सने मंचावर गिटार पेटवली ती त्यानंतर, त्याच रात्री. दिग्दर्शक डी. ए. पेनेबेकर यांनी संकलनात हा क्रम उलटवला. आग, आरडाओरडा, मोडतोड आधी आणि सतार शेवटी. हेंड्रिक्स आपल्याला श्रोत्यांतही दिसतो, मुकाट्याने ऐकताना. श्रेयनामावलीत 'राग भीमपलासी' असं लिहिलंय. प्रत्यक्षात वाजते ती धून, आधी दादऱ्यात आणि मग द्रुत तीनतालात. या चुकीचं आपल्याकडच्या जाणकारांना हसू येईल, पण द्रुत लयीत अल्लारखाँ रविशंकरांकडे बघून ज्या खुशीत हसतात, ते पाहिल्यावर नावाशी कोण भांडणार? मैफलीचे चित्रपट मी बरेच पाहिले. त्यातला हा शेवट माझ्या लेखी पहिल्या क्रमांकाचा.

या प्रकारच्या चित्रपटांना माझा एकच प्रश्न असतो: कॅमेरा ऐकतोय का? बाकी सगळं, म्हणजे किती कॅमेरे लावले, किती मोठा मंच, कोण कोण पाहुणे, हे नंतरचं. गाणं कुठे चाललंय हे कॅमेऱ्यामागच्या माणसाला कळत असेल तर तो थांबतो. कळत नसेल तर त्याला दर दोन सेकंदांनी दुसरीकडे पाहावं लागतं.

याचा सर्वांत चांगला दाखला अपघाताने मिळालेला आहे. मार्टिन स्कॉर्सेसीने 'द बँड' या चमूची निरोपाची मैफल चित्रित केली ती २५ नोव्हेंबर १९७६ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात. 'द लास्ट वॉल्ट्झ' हा तो चित्रपट १९७८ मध्ये आला. स्कॉर्सेसीने कुठल्या ओळीला कुठला कॅमेरा कुठे वळेल याची जाडजूड संहिता केली होती. मडी वॉटर्स गायला उभे राहिले तेव्हा मात्र बहुतेक कॅमेऱ्यांत रीळ बदलणं चाललं होतं. एक लास्लो कोवाक्स तेवढे चित्रण करत होते, कारण कानातल्या सूचनांना वैतागून त्यांनी हेडफोन काढून ठेवला होता आणि थांबायचा निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. म्हणून तो म्हातारा ब्लूजगायक आपल्याला जवळजवळ एकाच कॅमेऱ्यातून, सलग दिसतो. त्या चित्रपटात यापेक्षा चांगलं काही नाही. आणि हेही सांगायला हवं की त्यातला बराच आवाज नंतर स्टुडिओत पुन्हा ध्वनिमुद्रित केलेला आहे.

जोनाथन डेमीच्या 'स्टॉप मेकिंग सेन्स'मध्ये अपघाताचं काही नाही. डिसेंबर १९८३ मध्ये हॉलिवूडच्या पँटेजिस थिएटरमध्ये 'टॉकिंग हेड्स'चे प्रयोग चित्रित झाले. डेव्हिड बर्न एकटाच येतो, हातात गिटार आणि एक टेपरेकॉर्डर. दुसऱ्या गाण्याला बेसवादक टीना वेमाउथ, तिसऱ्याला ड्रमर. रंगमंच कामगार सगळ्यांदेखत सामान ढकलत आणतात. मागचा पडदा नाही, शिड्या उघड्या. आपल्या तमाशात किंवा दशावतारात नट प्रेक्षकांसमोरच उभा राहतो आणि खेळ तिथूनच चढत जातो, ती ओळख इथे पटते. डेमी प्रेक्षक दाखवतच नाही, जवळपास शेवटपर्यंत. त्यांनी कधी टाळ्या वाजवायच्या आणि आपल्याला कधी आनंद व्हायचा, हे त्याने बांधून ठेवलेलं नाही. पेनेबेकरच्या अगदी उलट रीत. पण दोघांचे कॅमेरे ऐकतात.

'वुडस्टॉक' (१९७०) मी फार पाहत नाही. तीन तासांचा पसारा, पडद्याचे दोन-तीन तुकडे करून एकाच वेळी सगळं दाखवण्याची हौस, आणि चिखल. त्याला ऑस्कर मिळालं, काळाचा दस्तऐवज म्हणून त्याची किंमत मोठी. गाणं ऐकायला मात्र मी तो लावणार नाही. बर्ट स्टर्नचा 'जॅझ ऑन अ समर्स डे' दिसायला सर्वांत देखणा. न्यूपोर्टचा १९५८ चा जॅझ महोत्सव, पिसांची हॅट घातलेली अनिता ओ'डे, शेवटी महालिया जॅक्सनचं भजन. पण थेलोनियस मंक पियानोला बसतो आणि हा गृहस्थ शिडाच्या होड्या दाखवायला निघून जातो, वर शर्यतीचं निवेदनही ऐकवतो! स्टर्न मुळात जाहिरातींचा छायाचित्रकार, त्यामुळे डोळा उत्तम. कान दुसऱ्या क्रमांकावर.

'द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश' आपल्याकडे एका विनोदासाठी प्रसिद्ध आहे. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्यं जुळवतात आणि श्रोते टाळ्यांचा कडकडाट करतात. जुळवणंच इतकं आवडलं तर वादन आणखी आवडेल, अशा अर्थाचं रविशंकर मिश्कीलपणे बोलतात. किस्सा सांगून सांगून गुळगुळीत झालाय, पण चित्रपटात तो पाहताना वेगळंच जाणवतं: ज्यांनी पूर्व बंगालच्या निर्वासितांसाठी जॉर्ज हॅरिसनला गळ घातली, तेच सतारिये श्रोत्यांना इथे सिगारेट ओढू नका अशी विनंतीही करत असतात.

आता अरीथा फ्रँकलिन. जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये दोन रात्री ती गॉस्पेल गायली. 'अमेझिंग ग्रेस' ही तिची ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी आली आणि गाजली. चित्रपटासाठी सिडनी पोलॅक कॅमेरे घेऊन हजर होता, पण प्रत्येक शॉटआधी क्लॅप द्यायचा राहून गेला. क्लॅप नाही म्हणजे चित्राचा कुठला तुकडा आवाजाच्या कुठल्या क्षणाशी बसवायचा याला खूणच नाही. तासन्‌तासांचं चित्रण पडून राहिलं. पुढे अ‍ॅलन एलियट या निर्मात्याने डिजिटल तंत्राने ते जुळवलं, तर खुद्द अरीथाने कोर्टात जाऊन प्रदर्शन अडवलं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ती गेली आणि त्याच वर्षी घरच्यांच्या संमतीने चित्रपट लोकांसमोर आला.

त्यात ती दोन गाण्यांच्या मध्ये जवळजवळ बोलतच नाही. बोलतात ते पाद्री जेम्स क्लीव्हलंड. दुसऱ्या रात्री तिचे वडील येतात, तेही नावाजलेले धर्मोपदेशक. ती पियानोवर गात असताना ते उठून रुमालाने तिच्या कपाळावरचा घाम पुसतात. तिचे डोळे मिटलेले, गाणं चालू. कॅमेरामन एकमेकांच्या चौकटीत शिरतात, फोकस सुटतो, पोलॅक स्वतः हातवारे करताना दिसतो. तंत्रात काढाव्यात तेवढ्या चुका, आणि तरी एखाद्या रात्रीच्या भजनात आपण मांडी घालून बसलोय असं वाटायला लावणारा हाच एक चित्रपट.

हे सगळं आपण पाहिलं ते घरी, आणि त्यातली एक गंमत संगीताच्या माणसांनाही माहीत नसते. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. आपल्याकडची टीव्हीची 'पाल' पद्धत २५ चित्रांची. त्यामुळे पाल पद्धतीच्या कॅसेटवर किंवा डीव्हीडीवर चित्रपट घेताना तो सर्रास २५ च्या वेगाने पळवत. चार टक्क्यांचा फरक; नव्वद मिनिटांचा चित्रपट साडेशहाऐंशीच्या आत संपतो. गोष्टीच्या सिनेमात कोणाच्या लक्षात येत नाही. पण आवाजही त्याच प्रमाणात चढतो, म्हणजे काळी एकचा षड्ज पांढरी दोनच्या उंबरठ्यावर जाऊन उभा राहतो आणि लयही तेवढीच वाढते. कॅसेट लावून सोबत पेटी धरायला बसलेल्याला सूर कुठल्याच पट्टीत सापडत नाही, तो यामुळे. काही डीव्हीडींत पट्टी दुरुस्त करून घेत, सगळ्यांत नाही. ब्लू-रेवर सिनेमा बहुधा मूळच्या २४ च्या वेगानेच असतो. जुन्या डीव्हीडी टाकून ब्लू-रे घ्यायला माझ्या मते एवढं कारण पुरे. चित्राची स्वच्छता हा वरचा नफा.

आपल्या संगीताचं काय? टीव्हीवरच्या मैफलींत गायक समेवर येतो आणि कॅमेरा नेमका तानपुऱ्याच्या भोपळ्यावर किंवा फुलदाणीवर असतो, हे आपण वर्षानुवर्षं सोसलं. व्हीसीडी आली तेव्हा एका तबकडीत जेमतेम सव्वा तास मावे, त्यामुळे मोठी मैफल मधेच तुटायची. फिल्म्स डिव्हिजनने मोठ्या कलावंतांवर माहितीपट केले, गुलजारांनी भीमसेन जोशींवर केलेला त्यातलाच. पण चरित्र सांगण्याच्या घाईत राग पुरा होतो कुठे?

अपवाद मणी कौल यांचा 'ध्रुपद' (१९८२). झिया मोहिउद्दीन डागर यांची रुद्रवीणा आणि झिया फरिदुद्दीन डागर यांचं गाणं. निवेदन अगदी थोडं. आलाप जितका सावकाश, तितकाच कॅमेरा सावकाश. जंतरमंतरच्या दगडी वक्रांवरून तो मींडेसारखा सरकतो. कौल स्वतः डागरांकडे शिकत होते, ते प्रत्येक चौकटीत दिसतं. पनवेलजवळ पळस्प्याला डागरांचं गुरुकुल होतं, म्हणजे ही परंपरा आपल्या अगदी दारातली. तरीही या चित्रपटाबद्दल मराठीत फार थोडं बोललं जातं.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९६९ च्या उन्हाळ्यात झालेला एक मोठा महोत्सव हॅल टलचिन यांनी व्हिडिओ टेपवर घेतला होता. सुमारे चाळीस तासांच्या त्या टेप अर्धं शतक तळघरात पडून होत्या. त्यातून 'समर ऑफ सोल' २०२१ मध्ये निघाला आणि पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळालं. आपली तळघरं म्हणजे माळे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत पुण्या-मुंबईपासून सांगली-मिरज, पणजीपर्यंत घरगुती बैठका आणि गणेशोत्सवातली गाणी लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून व्हीएचएसवर घेतली जात. त्यात कॅमेरा एका कोपऱ्यात तिवईवर उभा करून शूटिंगवाला जेवायला जाई. म्हणजे एकच चौकट, कट नाही, राग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग. मला हवं ते सगळं त्यात आहे.

अशी कॅसेट तुमच्या घरी असेल तर ती या दिवाळीच्या आवराआवरीत भंगारात देऊ नका. व्हीसीआर बनवणारी फुनाई ही शेवटची मोठी जपानी कंपनी २०१६ मध्ये थांबली. चालू यंत्रं दरवर्षी कमी होत जाणार. कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालू नका, आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. डिजिटल प्रत एकाच पेनड्राइव्हवर ठेवू नका. आणि लेबलवर गायकाचं नाव, गाव, तारीख, राग लिहाल तेव्हा तबल्यावर आणि पेटीवर कोण होतं तेही लिहा.