रोच घराणे

रोच घराणे : अमेरिकेतील नँटकिट बेट आणि न्यू बेडफर्ड येथील एक क्वेकर व्यापारी घराणे. देवमाशांची शिकार व त्यांच्या तेलाचा व्यापार हा या घराण्याचा मुख्य व्यवसाय. अठराव्या शतकाच्या मध्यापासून सुमारे तीन पिढ्या या घराण्यातील माणसे मॅसॅचूसेट्स, लंडन, फ्रान्समधील डंकर्क, वेल्समधील मिलफर्ड हेवन व पुढे ओहायओ अशी विखुरलेली होती. त्यांना एकत्र बांधणारे साधन म्हणजे पत्रव्यवहार होय. व्यापार, धर्म, युद्ध व घरसंसार ही सर्व एकाच कागदावर आणणारी ही पत्रे अटलांटिकच्या दोन्ही काठांवरील क्वेकर समाजाच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन मानली जातात.

घराण्याचा मूळ पुरुष जोसेफ रोच (१७०४–८४) हा इंग्लंडमधून तरुणपणी नँटकिटला आला. केप कॉडच्या दक्षिणेस सु. ५० किमी.वर असलेल्या या बेटावर शेतीला फारसा वाव नव्हता. त्यामुळे तेथील बहुतेक कुटुंबे देवमाशांच्या शिकारीवर जगत. बेटावरील प्रतिष्ठित मेसी कुटुंबातील मुलीशी विवाह करून जोसेफ क्वेकर पंथात आला आणि थोड्याच वर्षांत जहाजांचा मालक झाला. १७६५ मध्ये त्याने मुख्य भूमीवरील बेडफर्ड या खेड्यात (पुढील न्यू बेडफर्ड) आपला धंदा नेला. विल्यम, जोसेफ (धाकटा) व फ्रान्सिस हे त्याचे मुलगे. त्यांपैकी विल्यम रोच (१७३४–१८२८) हा घराण्याचा खरा नायक होय. त्याची पत्नी एलिझाबेथ बार्नी हीदेखील नँटकिटचीच.

रोच कुटुंबाचा माल लंडनवाचून विकला जाणे कठीण होते. स्पर्म देवमाशाच्या डोक्यातून निघणाऱ्या स्पर्मासेटी या मेणासारख्या पदार्थाच्या मेणबत्त्या श्रीमंतांच्या घरी जळत, तर तेल लंडनच्या रस्त्यांवरील दिव्यांसाठी लागे. या व्यापारात रोख रक्कम क्वचितच हातात पडे. सारा व्यवहार हुंड्यांवर आणि म्हणून विश्वासावर चाले. क्वेकर व्यापाऱ्यांना येथे एक मोठा आधार होता. एका गावाहून दुसऱ्या गावी जाणाऱ्या सभासदास त्याची मासिक सभा चारित्र्याचे प्रमाणपत्र देई आणि नव्या गावची सभा ते वाचून त्यास सामावून घेई. कर्ज बुडविणाऱ्याचे सभासदत्व रद्द होण्याचा धोका असे. परिणामी ज्याचे तोंडही पाहिलेले नाही, अशा लंडनच्या क्वेकर अडत्यावर नँटकिटचा व्यापारी हजारो पौंडांचा माल सोपवू शके. पत्रातील मायना हा केवळ शिष्टाचार नव्हता. ती एक प्रकारची तारणचिठ्ठीच होती.

ही पत्रे वाचताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. क्वेकर लोक वारांची व महिन्यांची रूढ इंग्रजी नावे मूर्तिपूजकांच्या देवतांवरून आलेली म्हणून टाळीत. ‘पहिला दिवस’, ‘सातवा महिना’ असे ते लिहीत. १७५२ पर्यंत इंग्रजी वर्ष मार्चमध्ये सुरू होत असल्याने त्यापूर्वीच्या पत्रातील ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च. लहानथोर सर्वांना एकवचनी संबोधन वापरण्याचा त्यांचा प्रघात होता, त्यामुळे मंत्र्याला लिहिलेले पत्र आणि धाकट्या भावाला लिहिलेले पत्र यांच्या भाषेत फरक असा फारसा आढळत नाही. महत्त्वाच्या पत्राच्या दोनतीन प्रती काढून त्या वेगवेगळ्या जहाजांनी धाडीत, कारण एखादे जहाज बुडणे किंवा पकडले जाणे ही नेहमीची बाब होती. पाठविलेल्या पत्राची नक्कल पेढीच्या नकलवहीत उतरवून ठेवीत. आज अनेकदा मूळ पत्र नाहीसे झालेले असून केवळ ही नक्कल शिल्लक आहे. युद्धकाळात शत्रूच्या हाती पडलेली टपालाची थैली फोडली जाई. म्हणून त्या काळची पत्रे विलक्षण सावध आहेत आणि त्यांतील मौनालाही अर्थ असतो.

पत्र केव्हा पोहोचेल याचा नेम नसे. विल्यम रोच १७८५ मध्ये नँटकिटहून निघून २३ दिवसांत इंग्लंडला पोहोचला. १७९४ मध्ये परतताना मात्र त्याला ६१ दिवस लागले. पश्चिमेकडे येणाऱ्या जहाजांना आखाती प्रवाहाचा विरोध होई. सरकारी टपाल जहाजे साध्या व्यापारी जहाजांपेक्षा उशिरा का पोहोचतात, हा प्रश्न बेंजामिन फ्रँक्लिन यास १७६८ च्या सुमारास पडला, तेव्हा त्याचे उत्तर दिले ते त्याचा नातलग, नँटकिटचा कप्तान टिमथी फोल्जर याने. देवमाशांचा पाठलाग करताना बेटावरील खलाशांना हा प्रवाह तळहातासारखा परिचित झाला होता. फोल्जरच्या माहितीवरून फ्रँक्लिनने प्रवाहाचा नकाशा छापविला. सरकारी कप्तानांनी मात्र त्याकडे दुर्लक्ष केले.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाने या घराण्याची कठोर परीक्षा पाहिली. वादाचा आरंभच त्यांच्या जहाजावर झाला, असे म्हणता येईल. ‘डार्टमथ’ हे रोच कुटुंबाचे जहाज १७७३ मध्ये तेल घेऊन लंडनला गेले आणि परतताना ईस्ट इंडिया कंपनीचा चहा घेऊन बॉस्टनला आले. नागरिकांना चहा उतरवू द्यायचा नव्हता आणि जकात भरल्याखेरीज जहाज परत नेण्याचा परवाना गव्हर्नर देईना. तरुण फ्रान्सिस रोच १६ डिसेंबर १७७३ रोजी गव्हर्नर हचिन्सनकडे परवान्यासाठी गेला व नकार घेऊन परतला. त्याच रात्री तीन जहाजांवरील ३४२ पेट्या चहा समुद्रात बुडविण्यात आला. तीन जहाजांपैकी ‘बीव्हर’ हेही रोच कुटुंबाचेच होते.

क्वेकर पंथाला युद्ध सर्वथा निषिद्ध आहे. तटस्थ राहण्याचा विल्यमचा निर्धार दोन्ही पक्षांना संशयास्पद वाटला. त्याच्या वखारीत जुन्या कर्जाच्या वसुलीत आलेल्या बंदुका व संगिनी होत्या. शिकारीसाठी बंदुका विकण्यास त्याची हरकत नव्हती. संगिनी मात्र माणसे मारण्यासाठीच असतात, म्हणून त्या त्याने बाजूला काढून ठेवल्या होत्या. युद्ध सुरू झाल्यावर त्यांची मागणी झाली, तेव्हा त्याने त्या देण्याचे नाकारले आणि नंतर समुद्रात फेकून दिल्या. याबद्दल त्याला वॉटरटाउन येथे चौकशी समितीपुढे उभे राहावे लागले. पुढे त्याच्यावर व इतर काही बेटवासीयांवर (त्यांत टिमथी फोल्जरही होता) राजद्रोहाचा आरोपही ठेवण्यात आला. तो सिद्ध झाला नाही. दुसऱ्या बाजूने ब्रिटिश सैन्याने १७७८ मध्ये बेडफर्ड जाळले, त्यात कुटुंबाची मालमत्ता भस्मसात झाली. बेटाची शंभराहून अधिक जहाजे पकडली गेली. विल्यम ब्रिटिश नौदलाकडून शिकारीचे परवाने मिळविण्याच्या खटपटीत होता, ही गोष्ट त्याच्या टीकाकारांनी कधी विसरू दिली नाही. त्यात धर्मनिष्ठा किती व व्यापारी हिशेब किती हे ठरविणे कठीण आहे. बहुधा त्याला स्वतःलाही हे दोन वेगळे काढता आले नसते. उपासमारीच्या दारात उभ्या असलेल्या बेटाला मात्र त्या परवान्यांची गरज होती, हे नाकारता येत नाही.

१७८३ च्या फेब्रुवारीत रोच यांचे ‘बेडफर्ड’ हे जहाज तेल घेऊन टेम्स नदीत शिरले, तेव्हा अमेरिकेचा नवा ध्वज लंडनच्या बंदरात प्रथमच फडकला, असे सांगतात. पण स्वातंत्र्याबरोबर नँटकिट परदेश ठरले. ब्रिटनने परदेशी तेलावर टनामागे १८ पौंडांहून अधिक जकात बसविली. ती भरून तेल विकणे म्हणजे तोट्याचाच धंदा होता. तेव्हा विल्यमने बेटावरील कुटुंबांसह ब्रिटनमध्ये स्थलांतर करण्याचा विचार केला आणि ४ जुलै १७८५ रोजी मुलगा बेंजामिन याच्यासह तो इंग्लंडला निघाला. पंतप्रधान पिट याची भेट झाली. पुढील वाटाघाटी चार्ल्स जेंकिन्सन (नंतरचा लॉर्ड हॉक्सबरी) याच्याकडे सोपविण्यात आल्या. पाच माणसांच्या कुटुंबाच्या प्रवासासाठी १०० पौंड व वसाहतीसाठी १०० पौंड, म्हणजे शंभर कुटुंबांसाठी २०,००० पौंड, अशी विल्यमची मागणी होती. जेंकिन्सनने एका कुटुंबामागे ८७ पौंड १० शिलिंग देऊ केले. घासाघीस लांबली. विल्यमने फ्रान्सशी बोलणी सुरू केली. तेथे धर्मस्वातंत्र्य, लष्करी सेवेतून सूट व व्यापारी सवलती मिळून डंकर्क येथे पेढी स्थापन झाली. इंग्रज मंत्र्यांनी नंतर अधिक उदार अटी पुढे केल्या, पण तोवर उशीर झाला होता.

याच सुमारास गुलामगिरीविषयी विल्यमने लिहिलेली पत्रे विशेष उल्लेखनीय आहेत. नँटकिटच्या जहाजावर काम करणाऱ्या प्रिन्स बॉस्टन या गुलाम खलाशाची मजुरी मालकाला न देता त्याच्या स्वतःच्या हाती देऊन विल्यमने युद्धापूर्वीच एका न्यायालयीन लढ्याला तोंड फोडले होते; त्यात प्रिन्सला स्वातंत्र्य मिळाले. १७८७ च्या नोव्हेंबरमध्ये प्रॉव्हिडन्सचा क्वेकर व्यापारी मोझेस ब्राउन यास लिहिलेल्या पत्रात त्याने अमेरिकेच्या नव्या संविधानाला स्पष्ट विरोध दर्शविला. त्या संविधानाचा पाया गुलामगिरीवर उभारलेला आहे, हे त्याचे कारण. ब्राउन हा स्वतः गुलामांच्या व्यापारात हात असलेल्या कुटुंबातून बाहेर पडून त्या व्यापाराचा कट्टर विरोधक बनला होता. संविधानाच्या प्रशंसेचा जोर असण्याच्या त्या दिवसांत दोन व्यापाऱ्यांनी खाजगी पत्रातून केलेली ही चिकित्सा आजही विचार करावयास लावते.

विल्यम १७९० मध्ये पत्नी व मुलींसह पुन्हा फ्रान्सला गेला. तोवर राज्यक्रांती झाली होती आणि राजाच्या मंत्र्यांनी दिलेल्या सवलतींचा भरवसा उरला नव्हता. १० फेब्रुवारी १७९१ रोजी विल्यम, बेंजामिन आणि फ्रेंच क्वेकर झां द मार्सियाक हे राष्ट्रीय सभेपुढे उपस्थित झाले व शस्त्र न धरण्याची आणि शपथ न घेण्याची मुभा त्यांनी मागितली. पंथाच्या प्रघाताप्रमाणे त्यांनी डोक्यावरील हॅट काढली नाही. अध्यक्षस्थानी मीराबो होता. त्याने त्यांच्या तत्त्वांविषयी आदर व्यक्त केला. मात्र बलवानापासून दुर्बलाचे रक्षण करणे हेही कर्तव्य नाही काय, असा प्रतिप्रश्नही सूचित केला. पुढे फ्रेंच विजयाच्या वेळी दिव्यांची रोषणाई करण्यास रोच कुटुंबाने डंकर्कमध्ये नकार दिला, तेव्हा जमाव खवळण्याचे भय निर्माण झाले. नगराध्यक्षाच्या समंजसपणामुळे संकट टळले. इंग्लंडशी युद्ध अटळ दिसताच विल्यम जानेवारी १७९३ मध्ये लंडनला निघून गेला आणि १७९४ मध्ये अमेरिकेस परतला. नँटकिटमध्ये त्याचे मन रमले नाही. बेट सोडून गेल्याचा राग तेथे शिल्लक होता. १७९५ पासून अखेरपर्यंत तो न्यू बेडफर्डला राहिला.

पुढील पिढीच्या वाटा वेगवेगळ्या झाल्या. थोरला मुलगा विल्यम (धाकटा, १७५९–१८५०) व जावई सॅम्युएल रॉडमन यांनी न्यू बेडफर्डची भरभराट घडविली. बेंजामिन मिलफर्ड हेवन येथे स्थिरावला. तेथे नँटकिटमधून निघून आधी नोव्हास्कोशात गेलेली स्टारबक व फोल्जर ही कुटुंबे पूर्वीच येऊन राहिली होती, हा योगायोग मोठा बोलका आहे. १८१९ च्या सुमारास बेंजामिनचे दिवाळे निघाले आणि त्याची डंकर्कमध्ये जन्मलेली मुलगी एलायझा (१७९१–१८७०) न्यू बेडफर्डला आजोबांच्या आश्रयास आली. पुढे ती हार्व्हर्डचा गणितज्ञ जॉन फॅरर याची पत्नी व लेखिका म्हणून प्रसिद्धीस आली. पत्रांतून जे निसटले, ते तिच्या आठवणींत सापडते : मोठ्यांच्या संकटांकडे पाहणारी मुलाची नजर व बैठकीतील विनोदी प्रसंग. धाकटा मुलगा टॉमस (१७६७–१८२३) हा हार्टफर्डहून मेरिनो मेंढ्यांचा कळप घेऊन ओहायओत गेला आणि १८१२ मध्ये त्याने केंडल हे गाव वसविले. त्याची पत्नी चॅरिटी हिने आपली संपत्ती निराधार मुलांच्या शाळेसाठी ठेवली. समुद्रावर वाढलेल्या कुटुंबाची पत्रे आता टपालगाडीच्या रस्त्यांवरून जाऊ लागली. हुंड्यांच्या जागी लोकरीचे भाव आले. आजारपण, मृत्यू व सभेतील मतभेद यांच्या वार्ता तशाच राहिल्या.

हे मतभेद अखेर घरात शिरले. १८२० च्या दशकात न्यू बेडफर्डच्या मासिक सभेत सनातनी व उदारमतवादी असे तट पडले. विल्यमच्या मुली एलिझाबेथ रॉडमन आणि मेरी रोच (१७७७–१८४८) या उदार पक्षाच्या होत्या. त्यांना सभेतील ज्येष्ठपदावरून दूर करण्यात आले आणि बरेच कुटुंबीय युनिटेरियन चर्चमध्ये गेले. पंथासाठी दोन राज्यसत्तांचा रोष पत्करलेल्या म्हाताऱ्या विल्यमला हे आपल्या हयातीतच पाहावे लागले. १८३३–३४ मध्ये न्यू बेडफर्डला प्रवचने देण्यास आलेल्या एमर्सनवर मेरी रोचच्या ‘आंतरिक प्रकाशा’वरील श्रद्धेचा खोल ठसा उमटला.

विल्यमने वयाच्या ऐंशीव्या वर्षी, १८१४ मध्ये, आपल्या अनुभवांचे एक टिपण लिहिले. ते १९१६ मध्ये छापले गेले. घटनांनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेले असल्याने त्यातील संवाद जसेच्या तसे घेता येत नाहीत आणि लेखक आपल्या बाजूची वकिली करतो, हेही उघड आहे. समकालीन पत्रांशी ताडून पाहिल्यावरच त्याचे खरे मोल कळते. घराण्याचा वंशज जॉन बुलर्ड याने १९४७ मध्ये कुटुंबाचा इतिहास पत्रांसह प्रसिद्ध केला. मूळ कागदपत्रांचे मोठे संग्रह न्यू बेडफर्ड येथे असून टॉमस व चॅरिटी यांची पत्रे ओहायओतील मॅसिलन येथील सार्वजनिक ग्रंथालयात आहेत.