गहुंज्याच्या अलीकडे

बॅट्समनच्या बुटांपासून वीतभर पुढे, ऑफ स्टंपच्या बरीच बाहेर, एक पिवळी रबरी चकती ठेवलेली असते. बोलरचं काम एवढंच की चेंडू त्या चकतीवर टाकायचा. तोही कोरडा चेंडू नव्हे. नेटच्या मागे पाण्याची बादली ठेवलेली असते, तिच्यात बुडवून काढलेला जुना सीझन बॉल त्याच्या हातात येतो. लेदर पाणी पितं, चेंडू जड होतो, शिवण फुगते, बोटं सटकतात. धाव सुरू करण्याआधी पोराने मोठ्याने सांगायचं असतं, "वाइड यॉर्कर, फील्ड ऑफला." मगच पळायचं. न सांगता टाकलेला चेंडू चकतीवर बरोबर पडला तरी सर वहीत तो धरत नाहीत.

नाशिकच्या गंगापूर रोडच्या बाजूला, वस्ती संपून शेतं सुरू होतात तिथली ही एक छोटी अकादमी. मे महिन्यातल्या सकाळी मी तिथे जाऊन बसत असे, कारण मला एका गोष्टीचं कुतूहल होतं. जूनमध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगचे सामने टीव्हीवर दिसतात, निळे-भगवे कपडे, दिवे, ढोल, सगळं. ते सगळं तयार कुठे होतं? लीगच्या वाढीच्या बातम्या येतात त्या रकमांच्या. मला तिचं रोजचं काम बघायचं होतं.

सरांची वही म्हणजे शाळकरी दोनशेपानी. तिच्यात प्रत्येक चेंडूला एक खूण: बरोबर पडला तर टिंब, फुलटॉस गेला तर फुली, आणि आखूड राहून बॅटखाली सापडला तर गोल. गोल म्हणजे सहा धावा, असं पोरं धरूनच चालतात. "शेवटची ओव्हर, चौदा हव्यात," सर ओरडतात आणि तो सतराएक वर्षांचा, सिन्नरकडून पहाटेच्या एसटीने आलेला मुलगा मनगटाला चेंडू पुसत मागे फिरतो. पहिला टिंब. दुसरा फुली, पण गुडघ्याखाली, चालेल. तिसरा गोल. त्यावर सर काहीच बोलत नाहीत. चौथ्याला पोरगा घाबरून आखूड बाउन्सर टाकतो, तेव्हा मात्र वही मिटते. "तू यॉर्कर बोलला होतास ना? मार खाल्लास म्हणून बेत बदलायचा नाही. बेत चुकीचा असेल तर ओव्हर संपल्यावर माझ्याशी भांड."

मला हे ऐकताना कसोटीतले बोलर बापू नाडकर्णी आठवले. नाशिकचाच जन्म, १९३३चा. १९६४च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग २१ निर्धाव षटकं टाकली. त्या डावातलं त्यांचं पृथक्करण ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा आणि शून्य बळी. सरावाला ते विकेटवर एक नाणं ठेवत आणि त्यावर चेंडू टाकत, असं जुने लोक सांगतात. नाण्याच्या जागी रबरी चकती आली, टप्प्याची जागा गुडलेंथवरून बुटांपाशी सरकली, बाकी मेहनत तीच. गंमत अशी की त्या पाच धावांसाठी नाडकर्णींची कौतुकापेक्षा थट्टाच जास्त झाली, कंटाळवाणा, म्हणाले. आज शेवटच्या चार षटकांत एखाद्याने सहा निर्धाव चेंडू काढले तर त्याच्यावर बोली लागते. टी-ट्वेंटी म्हणजे नुसती तोडफोड, असं समजणाऱ्यांनी एकदा एखाद्या बोलिंग नेटमागे उभं राहून बघावं. चेंडूगणिक हिशेब या खेळात जितका कडक आहे तितका पाच दिवसांच्या खेळातही नव्हता.

हा हिशेब पोरांना ठाऊक आहे, कारण त्यांच्यापुढे थंगरसू नटराजन आहे. सेलमजवळच्या चिन्नप्पमपट्टी गावचा हा डावखुरा. २०१६मध्ये तमिळनाडू प्रीमियर लीगच्या पहिल्याच हंगामात सुपर ओव्हरमध्ये यॉर्करमागून यॉर्कर टाकून नजरेत भरला आणि पुढच्याच वर्षी आयपीएलच्या लिलावात ३ कोटींना गेला. राज्याची लीग कशासाठी असते, याचं उत्तर भारतभरच्या नेट्समध्ये या एका नावाने दिलं जातं. कर्नाटकची लीग २००९मध्येच आली, मुंबईची २०१८मध्ये. मुंबई आणि विदर्भ वगळून उरलेला महाराष्ट्र ज्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे आहे, तिची सध्याची लीग सुरू झाली जून २०२३मध्ये.

तेव्हाचे सहा संघ, सहा नावं: पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी, सोलापूर. संघांचे हक्क तीन वर्षांसाठी विकले तेव्हा असोसिएशनला ५७ कोटी ८० लाख रुपये मिळाले. एकट्या पुण्याच्या संघाची बोली १४ कोटी ८० लाखांची. नाशिकचा संघ ईगल इन्फ्रा कंपनीने घेतला, म्हणून नाव ईगल नाशिक टायटन्स. आणि खेळाडूंच्या लिलावासाठी प्रत्येक संघाच्या हाती होते २० लाख. सर्वाधिक बोली नौशाद शेखवर लागली, ६ लाखांची, कोल्हापूरकडून. म्हणजे गावाच्या नावाला कोटी आणि पोराच्या अंगमेहनतीला फार तर लाख, नाहीतर हजार. हे मी कुत्सितपणे लिहीत नाही. नव्या धंद्यात नाव आधी विकलं जातं आणि कामाची किंमत मागून ठरते. पण नेटवर हे आकडे काढले की कोणी आयपीएलमधल्या कोटींच्या गोष्टी सांगत नाही, सगळे हजारांतच बोलतात. एक चांगली इंग्लिश विलोची बॅट, एक जोडी स्पाइक्स, वर्षभराची फी. "एकदा लिलावात नाव निघालं, तर घरचे दोन वर्षं काही बोलणार नाहीत," असं एका ऑफस्पिनरने मला सांगितलं. त्याचे वडील अंबडच्या कारखान्यात आहेत. पैशांपेक्षा त्याला ती दोन वर्षं हवी होती.

संघाच्या नावाचंही एक वेगळंच प्रकरण आहे. नाशिकच्या शर्टात पहिल्या हंगामात गाजला तो अर्शिन कुलकर्णी, सोलापूरचा. पुणेरी बाप्पाविरुद्ध ५४ चेंडूंत ११७, त्यात १३ षटकार, वर चार बळी. आणि नाशिकने तो सामना एका धावेने जिंकला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आयपीएलच्या लखनऊ संघाने त्याला २० लाखांना घेतलं, पाठोपाठ तो एकोणीस वर्षांखालील विश्वचषक खेळला. सोलापूरचा स्वतःचा संघ त्याच लीगमध्ये होता, पण त्याने नाव केलं नाशिकचं. नाशिकचा पहिला आयकॉन खेळाडू राहुल त्रिपाठी, जन्म रांचीचा. आणि सगळे सामने पुण्याजवळ गहुंजेच्या स्टेडियमवर. तेव्हा नाशिकचा संघ म्हणजे नक्की काय? मला सुरुवातीला हा प्रकार थोडा पोकळ वाटला होता. जिल्हा संघ म्हटलं की ज्याचा त्याचा जिल्हा, ही आमच्या पिढीची समजूत. पण नेटवरच्या मुलांना त्यात काहीच खटकत नाही. त्यांना नाशिकच्या शर्टापेक्षा लिलावातल्या सहा टेबलांचं अप्रूप आहे. एका निवड समितीचं मत फिरलं तर पूर्वी वर्ष वाया जायचं. आता सहा जण बघत असतात, आणि त्यातल्या एकाला नेमका डावखुरा हवा असतो.

खरा फरक इथेच पडला. यापूर्वी जिल्ह्यातल्या मुलाची शिडी सरळ आणि अरुंद होती. जिल्ह्याची निवड चाचणी, मग पुण्यात निमंत्रितांच्या स्पर्धेत पुण्यातल्या बड्या क्लबांविरुद्ध कामगिरी, मग संभाव्य खेळाडूंत नाव, आणि शेवटी महाराष्ट्राच्या रणजी संघातली पंधराएक माणसं. ती जागा मिळवायला पोराला सगळंच थोडंथोडं यावं लागे: दिवसभर फील्डिंग, नवा चेंडू खेळून काढणं, वाट बघणं. लीगला सगळं येणारा माणूस लागत नाही. तिला दोन षटकं टाकणारा, पंधरा चेंडू खेळणारा, बाउंड्रीवर उडी मारून झेल आत ढकलणारा, असे एकेक कामाचे कारागीर लागतात. त्यामुळे नेटची वेळसुद्धा बदलली. पूर्वी सगळ्यांना सारखी वीस मिनिटं बॅटिंग असायची. आता शेवटी येऊन मारणाऱ्याला बारा चेंडूच देतात. पण ते खेळण्याआधी तो मैदानाला दोन फेऱ्या पळून येतो, श्वास लागलेला असतानाच पहिला चेंडू खेळतो.

साइडआर्म हा या सगळ्याचा मुकाट मजूर. पळीसारखी लांब दांडी, टोकाला चेंडू बसायची खोबण; ती फिरवणारा मुलगा बावीस यार्डांच्या बराच अलीकडून हव्या त्या वेगाने चेंडू सोडतो. बोलरचे खांदे वाचतात आणि बॅट्समनला हवे तितके चेंडू मिळतात. ती फिरवणं ही आता स्वतंत्र कला झाली आहे. इथला साइडआर्म टाकणारा पोरगा स्वतः कधी तालुक्यापलीकडे खेळला नाही, पण एखाद्या संघाच्या ताफ्यात याच कामावर जाण्याची त्याची खटपट चालू होती. लीग वाढली की खेळाडूंबरोबर हेही वाढतात: मसाजवाला, व्हिडिओ बघून चेंडू मोजणारा, थ्रो-डाउन देणारा. त्यांचा लिलाव कोणी टीव्हीवर दाखवत नाही.

निफाडकडचे एक द्राक्षबागाईतदार मुलाला सोडायला येत. बांधावर बसून ते चहा पीत आणि वहीतल्या खुणांकडे डोकावत. एकदा मला म्हणाले, "काका, आमच्यात एप्रिलला खरड छाटणी करतात. तेव्हा काडीत जो घड तयार होतो, तो डोळ्याला दिसत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर दिसतो. तोवर बागेला पाणी घालायचं आणि गप्प बसायचं." मुलगा कसा खेळतो, हे मात्र त्यांनी मला कधी विचारलं नाही. मी आपणहून कौतुक केलं तर म्हणाले, "सरांना म्हणू द्या."

जूनचा पेच कोणाच्या हातातला नाही. आयपीएल मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात संपते, राष्ट्रीय देशांतर्गत हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होतो. राज्यांच्या लीगना मधली फटच मिळते, आणि महाराष्ट्रात नेमका त्या फटीत मान्सून येतो. पहिल्या हंगामाचा अंतिम सामना पावसातच गेला आणि गुणतक्त्यात वर असलेल्या रत्नागिरी जेट्सना विजेतेपद मिळालं. २०२४मध्ये रत्नागिरीने ते राखलं, समोर नाशिक होतं. २०२५मध्ये नाशिकने रायगडला हरवून पहिल्यांदा चषक घेतला. रायगड कुठून आलं, असं वाटेल; तोवर पुरुषांच्या लीगमधून सोलापूर आणि संभाजीनगर ही नावं गेली होती आणि रायगड, सातारा आली होती. मालक बदलला की नकाशाही बदलतो. सोलापूरच्या मुलांनी ते कसं घेतलं असेल, असा विचार मनात येतो; मग अर्शिन आठवतो आणि वाटतं, मुलांना फारसा फरक पडला नसावा, दुःख बघणाऱ्यांना.

२०२५मध्येच महिलांची लीगही सुरू झाली, चार संघांची: पुणे, रत्नागिरी, सोलापूर, रायगड. त्यात नाशिक नाही. हे मला खरंच खटकलं, कारण याच जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्याची माया सोनवणे २०२२च्या महिला टी-ट्वेंटी चॅलेंजमध्ये आपल्या जगावेगळ्या लेगस्पिन ॲक्शनने देशभर चर्चेत आली होती. अकादमीत मुली थोड्या होत्या, पण त्यांच्यातल्या दोघीजणी लेगस्पिनच टाकायच्या.

नाशिकला मैदान नाही असंही नाही. त्र्यंबक रोडजवळचं गोल्फ क्लब, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, रणजी सामन्यांना सरावलेलं आहे. २०२५च्या जानेवारीत महाराष्ट्र-बडोदा सामना तिथे झाला, ऋतुराज गायकवाड विरुद्ध कृणाल पंड्या अशा कप्तानांचा, आणि महाराष्ट्राने तो ४३९ धावांनी जिंकला. जॉगिंगला येणारे लोक फेऱ्या सोडून उभे राहिले होते. शाळकरी पोरं दिवसभर. माझं सरळ मत आहे की लीगने शहरांची नावं घेतली आहेत तर हंगामातले दोन-तीन सामने तरी त्या शहरांत न्यावेत. दिवे, कॅमेरे, हॉटेलं, प्रवास यांचा खर्च एका मैदानावर वाचतो हे कळतं. पण ज्या गावाचं नाव विकून पैसे उभे राहिले त्या गावाला सामना फक्त मोबाइलवर दिसावा, हा व्यवहार एकतर्फी आहे.

हे मी सरांना ऐकवलं. ते रोलरला टेकून विकेटवर पाणी मारणाऱ्या माळ्याकडे बघत होते. "सामना आला तर येऊ द्या की," म्हणाले, "पण आधी मला दोन कव्हरं हवीत. पंधरा जूननंतर माझी विकेट चिखल होते आणि पोरं सिमेंटवर येतात. सिमेंटवर यॉर्कर शिकवता येत नाही, चेंडू उसळतो. लीग चालू असते तेव्हा आमचा सराव बंद असतो." मग माळ्याला हाक मारून डावीकडच्या कोपऱ्यात अजून एक बादली मारायला सांगितली, आणि वही काढून पुढच्या बोलरचं नाव पुकारलं.