मोत्यांच्या दागिन्यांची निगा: समज आणि वस्तुस्थिती

नथ, तन्मणी, चिंचपेटी यांसारख्या दागिन्यांत सोने आणि मोती एकत्र नांदतात, आणि सोन्याला जे चालते ते मोत्यालाही चालेल असे गृहीत धरल्यामुळेच त्यांच्या निगेविषयीचे बहुतेक गैरसमज रूढ झाले आहेत. वस्तुतः मोती हे खनिज नव्हे. शिंपल्यातील जीव कॅल्शियम कार्बोनेटच्या अतिसूक्ष्म चकत्या काँकिओलिन या प्रथिनाने सांधत एकावर एक थर चढवतो, आणि या थरांवरून प्रकाश परावर्तित होताना जी झळाळी दिसते तिलाच मोत्याचे पाणी म्हणतात.

खऱ्या मोत्याला कशानेही काही होत नाही, हा समज म्हणूनच सर्वांत घातक आहे. कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळते. त्यामुळे चिंच, लिंबू किंवा व्हिनेगर लावल्यावर मळ निघाल्यासारखा वाटला, तरी प्रत्यक्षात वरचा थरच झिजत असतो आणि तो पुन्हा भरून येत नाही. खरेपणा पारखण्यासाठी मोती व्हिनेगरमध्ये बुडवणे ही तर पारख नसून नासाडी आहे. घामही किंचित आम्लधर्मी असल्याने दागिना उतरवताच ओलसर मऊ कापडाने पुसणे पुरेसे व आवश्यक असते.

टूथपेस्ट, दंतमंजन किंवा रांगोळीने घासणेही तितकेच अयोग्य. ओरखडा सोसण्याची क्षमता 1 ते 10 अशा क्रमाने दर्शवणाऱ्या मोह्स श्रेणीत मोत्याचे काठिण्य सुमारे 2.5 ते 4.5 भरते, तर साध्या धुळीत आढळणाऱ्या क्वार्ट्झचे 7; म्हणजे कोरड्या फडक्याने जोरात पुसल्यासही चरे पडू शकतात. सोन्यासाठी वापरले जाणारे अल्ट्रासॉनिक यंत्र, ज्यात ध्वनिलहरींनी मळ सुटतो, तेही मोत्यांसाठी टाळावे.

जुना मोती पिवळसर दिसला म्हणजे तो मळला, असेही नाही. प्रथिनात कालांतराने होणाऱ्या बदलाने रंग गडद होतो, आणि इराणच्या आखातातील बसरा मोत्यांत तर मलईसारखी झाक अनेकदा मुळातच असते; ती धुऊन जात नाही.

हवाबंद पिशवीत, वर्षानुवर्षे कोरड्या जागी ठेवलेला मोती सुरक्षित राहतो असे मानले जाते, परंतु त्यात अल्प प्रमाणात पाणी असल्याने अतिशुष्कतेने त्याला तडे जाऊ शकतात. मऊ मलमलीत, सोन्यापासून वेगळा गुंडाळणे अधिक हिताचे. ओवलेला दागिना पाण्यात भिजवल्यास रेशमी दोरा ताणतो व कमकुवत होतो, म्हणून तो आडवा पसरूनच वाळवावा आणि दोरा सैल दिसू लागताच पटवेकऱ्याकडून पुन्हा गाठवून घ्यावा.