बोलतं करण्याचंही मानधन असतं

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण, वाचक मैत्रिणींसाठी)



प्रत्येक बचत गटात एक तरी बाई अशी असते. बँकेत साहेबांशी बोलायचं असलं की सगळ्या तिला पुढे करतात. ग्रामपंचायतीत काही विचारायचं असो, नव्या सुनेला बैठकीत बोलतं करायचं असो, नाव तिचंच निघतं. आपण म्हणतो, "तिला काय, तिला बोलायला येतं!" आणि चहा पाजून मोकळ्या होतो.

आज मी त्या बाईशी बोलणार आहे. तिला स्वतः बोलण्यापेक्षा दुसरीला बोलायला शिकवण्यात जास्त आनंद वाटत असेल, तर त्यातून तिचं कामही उभं राहू शकतं. ते कसं, ते आज समजून घेऊ.

आधी बघू, हे शिकवायची गरज का पडते. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायकांची गोष्ट तुमच्यापैकी अनेकींनी ऐकली असेल. १९९६ साली त्यांनी स्वतःची बँक काढायला रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. अर्जावर बऱ्याच जणींचे अंगठे होते, तो नामंजूर झाला. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवतो, असं सांगितलं. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. आता बघा, हिशेब त्यांना आधीपासून येत होता. तो साहेबांसमोर ठामपणे मांडायची तयारी मात्र करावी लागली. आपल्या गावातही असंच आहे. बाईला माहीत सगळं असतं, खिडकीपाशी गेली की शब्द फुटत नाही. मग कर्ज अडतं, अर्ज पडून राहतो.

पंचायतीत तर हे रोज दिसतं. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. तरी कितीतरी ठिकाणी सरपंचबाई खुर्चीवर बसतात आणि बोलतात त्यांचे मालक. खुर्ची कायद्याने मिळाली, बोलण्याची सवय कुणीतरी लावावी लागते. ती लावणारी बाई गावातलीच असेल तर उत्तम.

नेमकं काय शिकवायचं?

"संवाद कौशल्य" म्हटलं की शुद्ध मराठी, नाहीतर इंग्रजी, असं वाटतं. तसं मुळीच नाही. चार गोष्टी शिकवायच्या: नीट ऐकणं, न लाजता प्रश्न विचारणं, आपला मुद्दा थोडक्यात मांडणं आणि नको असेल तेव्हा नाही म्हणणं.

मुद्दा मांडायला तीन वाक्यं पुरतात. मी कोण, मला काय हवं आहे, आणि ते कधीपर्यंत होईल. "मी अमुक गटाची सचिव. आमचा कर्जाचा अर्ज मागच्या महिन्यात दिला आहे. त्यावर निर्णय कधी होईल, तारीख सांगा." एवढं पाठ नव्हे, सवयीचं झालं पाहिजे.

सवय सरावानेच होते. म्हणून वर्गात खेळ घ्या. एकीला बँकेचे साहेब करा, एकीला कर्ज मागणारी. साहेबांनी मान वर करून बघायचंच नाही, असं ठरवून द्या. बायका आधी हसतील, मग दुसऱ्यांदा करताना आवाज चढेल. स्टॉलवर भाव पाडून मागणारं गिऱ्हाईक, खत दुकानदार, मुलाच्या शाळेतले गुरुजी, असे प्रसंग त्यांनाच सुचवू द्या.

एक पथ्य पाळा. कुणाची बोली सुधारायला जाऊ नका. "पाणी" म्हण, "पानी" नको, असं चारचौघांत एकदा टोकलं की ती बाई पुढचे चार वर्ग तोंड उघडत नाही. माणदेशी असो, वऱ्हाडी असो, अहिराणी असो, जिच्या तोंडी जी बोली आहे तीतच तिचा मुद्दा ताठ उभा राहतो.

आणि आपला वर्ग चांगला झाला की नाही, हे कसं ओळखायचं? दोन तासांत बाई म्हणून तुम्हीच जास्त बोललात, तर ते भाषण झालं. बायका जास्त बोलल्या, तर तो वर्ग झाला.

काम कुठे मिळतं?

पहिली जागा आपला ग्रामसंघ आणि प्रभागसंघ. "उमेद" अभियानात गावपातळीवर सीआरपी म्हणून काम करणाऱ्या बायका असतात, "माविम"मध्ये सहयोगिनी असतात. गटांना प्रशिक्षण देणं हा या कामाचा मोठा भाग असतो. जागा कधी निघते, शिक्षणाची अट काय, मानधन किती, हे तालुक्याच्या कार्यालयात विचारून ठेवा.

दुसरी जागा पंचायत. सरपंच आणि सदस्यांच्या प्रशिक्षणात पुण्याच्या "यशदा" संस्थेचं मोठं काम आहे, आणि असं प्रशिक्षण देणाऱ्यांना प्रवीण प्रशिक्षक म्हणतात. तिथवर पोचायला अनुभव लागतो, तो गावातच मिळवा. अनेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास ग्रामसभा होतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. तिच्या आधीच्या पंधरवड्यात वर्ग घेतला, तर बायका शिकलेलं लगेच वापरतात आणि तुमच्या कामाची चर्चा आपोआप होते.

तिसरी जागा विक्रीची. सरससारख्या प्रदर्शनाला निघालेल्या गटांना पापड-लोणची करता येतात, पण गिऱ्हाइकाला चव, वजन, भाव दोन वाक्यांत सांगता येत नाही. त्यांच्यासाठी दोन दिवसांचा वर्ग घ्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतल्या मुलींचे वर्गही चालतात.

पैसे कसे मागायचे?

"बोलायला शिकवायचे कसले पैसे?" हा प्रश्न येणारच. शांतपणे सांगा, शिलाई शिकवायचे पैसे देतो तसेच हे. उदाहरणादाखल हिशेब करू. एका गटात १२ बायका, ४ वर्ग, प्रत्येकीकडून वर्गाचे ५० रुपये. झाले २,४०० रुपये. जाण्यायेण्याचे २४० आणि कागद-झेरॉक्सचे १६० वजा केले की हातात २,००० उरतात. शिकवणं, तयारी आणि प्रवास धरून एका वर्गामागे ४ तास गेले, म्हणजे एकूण १६ तास. तासाला १२५ रुपये पडले. हा हिशेब आधी वहीत मांडा, मगच भाव सांगा. प्रवासखर्च धरायला बायका हमखास विसरतात.

पहिले ४ वर्ग आपल्याच गटात फुकट घेतले तरी चालतील. त्यानंतर थोडे का होईना, पैसे घ्या. ज्याचं मोल दिलं त्याला माणूस वेळेवर येतो. मात्र हे काम बारा महिने सारखं नसतं. पेरणीत आणि काढणीत वर्ग बंद पडतात. म्हणून पहिल्या वर्षी शेळ्या किंवा शिलाई मशीन विकून याच्यामागे लागू नका.

एक वही ठेवा. वर्गाआधीच्या बैठकीत किती जणी बोलल्या, नंतरच्या बैठकीत किती बोलल्या, कोण एकटी बँकेत जाऊन आली, कुणी ग्रामसभेत प्रश्न विचारला, हे तारीखवार लिहा. पुढे ग्रामसंघात किंवा संस्थेत काम मागताना ही वहीच तुमची ओळख.

प्रमाणपत्राच्या नावाखाली आधी मोठी रक्कम मागणारे भेटतील. काय शिकवणार, किती दिवस, प्रमाणपत्र कुणाचं आणि ते कुठे चालतं, हे चार प्रश्न विचारा. उत्तर लेखी मिळालं नाही तर पैसे देऊ नका. दुसरीला प्रश्न विचारायला शिकवायचं, तर सुरुवात इथूनच करायला हवी ना!

आणि गटातल्या बाकीच्या मैत्रिणींनो, थोडं तुमच्यासाठीही. येत्या बैठकीत एक काम करा. आजवर तुमच्यासाठी बँकेत, पंचायतीत कोण बोललं, तिचं नाव इतिवृत्तात लिहा. मग तिला म्हणा, "पुढच्या वेळी आमच्यासाठी बोलू नको, आम्हाला बोलायला शिकव." आणि मानधन किती द्यायचं, त्याचा ठरावही त्याच पानावर करा.