पूंडू कुळंबू : लसणाचे आंबट कालवण

घरात ताजी भाजी नाही, बाजाराचा दिवस दूर आहे आणि जेवणाची वेळ तर झाली आहे, असा प्रसंग बहुतेक घरांत केव्हा ना केव्हा येतो. अशा वेळी तमिळनाडूतील अनेक घरांत लसूण आणि चिंच यांचे कालवण चुलीवर चढते. त्याला ‘पूंडू कुळंबू’ म्हणतात. तमिळ भाषेत ‘पूंडू’ म्हणजे लसूण आणि ‘कुळंबू’ म्हणजे दाटसर कालवण. आपल्या चिंचगुळाच्या आमटीप्रमाणे याचाही आधार चिंचच असते. मात्र यात डाळ नसते आणि लसूण फोडणीपुरता न राहता भाजीची जागा घेतो.

साहित्य

चार माणसांसाठी सोललेल्या लसणाच्या पाकळ्या सुमारे १०० ग्रॅम, लहान कांदे १० ते १२, लहान लिंबाएवढी चिंच, तिळाचे तेल ४ मोठे चमचे, मोहरी अर्धा चमचा, मेथीदाणे पाव चमचा, कढीपत्ता, हळद पाव चमचा, तिखट १ चमचा, धनेपूड २ चमचे, मीठ आणि गुळाचा लहानसा खडा घ्यावा.

कृती

चिंच दोन वाट्या कोमट पाण्यात वीस मिनिटे भिजवून कोळ काढावा व गाळून घ्यावा. तेल तापल्यावर मोहरी तडतडू द्यावी. मग मेथी व कढीपत्ता घालावा. मेथी तांबूस झाली की थांबावे. ती करपली तर सारे कालवण कडू होते. आता अख्खा लसूण व सोललेले कांदे घालून मंद आचेवर दहा मिनिटे परतावे. पाकळी उलथन्याने सहज दबली पाहिजे. मग हळद, तिखट व धनेपूड घालून क्षणभर हलवावे आणि लगेच चिंचेचा कोळ व मीठ घालावे. कोळाचा कच्चा वास जाऊन रस दाट होईपर्यंत आणि कडेने तेल सुटेपर्यंत, म्हणजे साधारण पंधरा ते वीस मिनिटे, ते उकळू द्यावे. शेवटी गूळ घालून उतरवावे. गरम भाताबरोबर ते वाढतात.

क्रमामागील कारणे

या कृतीत क्रमाला फार महत्त्व आहे. लसूण ठेचला की त्याच्या पेशी फुटतात आणि त्यातील दोन द्रव्ये एकत्र येऊन ॲलिसिन हा उग्र वासाचा पदार्थ तयार होतो. पाकळी अख्खीच शिजवली, तर हा पदार्थ घडवून आणणारे विकर उष्णतेने आधीच निकामी होते. म्हणूनच एवढा लसूण असूनही कालवण उग्र न लागता गोडसर लागते.

दुसरी गोष्ट आंबटपणाची. आम्लात भाज्या लवकर मऊ होत नाहीत. लसूण कच्चा असतानाच कोळ ओतला, तर तो कितीही उकळला तरी करकरीत राहण्याचा संभव असतो. यासाठी आधी तेलात मऊ करणे आणि नंतर आंबट घालणे, हाच योग्य क्रम होय.

भांडे आणि साठवण

चिंचेतील आम्लाची धातूंवर क्रिया होते. कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो आणि तो खाणे अपायकारक ठरते. म्हणून मातीचे किंवा स्टीलचे भांडे वापरावे.

हे कालवण दुसऱ्या दिवशी अधिक चविष्ट लागते, कारण मसाल्याचा रस पाकळ्यांत मुरतो. आंबटपणामुळे ते लवकर नासत नाही, हे खरे. परंतु केवळ त्या भरवशावर ते दिवसभर उघड्यावर ठेवू नये. थंड झाल्यावर झाकून शीतकपाटात ठेवावे, कोरड्या चमच्याने घ्यावे आणि खाण्यापूर्वी चांगले उकळावे. शीतकपाट नसेल, तर एका वेळेस संपेल एवढेच करावे.

पाककृती पाठ केली तर एकच पदार्थ साधतो. तिच्यामागची कारणे समजली तर अनेक पदार्थ साधतात. लसणाच्या जागी वांगी, भेंडी किंवा शेवग्याच्या शेंगा घेतल्या तरी याच क्रमाने उत्तम कुळंबू होते. म्हणून प्रत्येक पायरीवर ‘हे आधी का आणि ते नंतर का?’ असा प्रश्न विचारण्याची सवय स्वयंपाकघरातही लावून घ्यावी.