दहा कोटी माणसांना सोडायची आहे

ऑगस्ट २०१६ ते फेब्रुवारी २०१७ या काळात सर्वेक्षक देशभर घरोघर फिरले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने केलेली ही तंबाखूची दुसरी राष्ट्रीय पाहणी. घरात माणसं कितीही असोत, पंधरा किंवा अधिक वर्षांचं एकच माणूस चिठ्ठी काढल्यासारखं निवडायचं आणि त्यालाच विचारायचं. अशी ७४,०३७ माणसं बोलली आणि त्यावरून सुमारे ९३ कोटींचा अंदाज बांधला गेला. सरासरी एका उत्तरामागे साडेबारा हजार माणसं! या मापाने २०११च्या जनगणनेतला साडेआठ लाखांचा आपला अख्खा सिंधुदुर्ग जेमतेम ६८ उत्तरांत मावतो.

म्हणून प्रश्न नेमका विचारावा लागतो. मालवणच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या आजीला ‘तंबाखू खाता का?’ विचारलं, तर ती नाही म्हणेल, आणि ते खोटंही नसेल. ती तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईस्तोवर भाजते, कुटते आणि ही मशेरी सकाळी बोटाने दातांना लावते. पाहणीत मशेरीचं नाव घेऊन विचारलं जातं, तेव्हाच ती आजी मोजली जाते.

सिंधुदुर्गातलं बांदा सोडून पत्रादेवीला पोचलं की गोवा. या पाहणीत तिथे तंबाखूचं प्रमाण ९.७ टक्के निघालं, देशात सर्वांत कमी. अलीकडे महाराष्ट्रात २६.६. त्यात विडी-सिगारेट ओढणारे अवघे ३.८ टक्के, चुना लावून मळणारे, पानात घालणारे, मशेरी लावणारे मिळून २४.४; काही जण दोन्हींत मोजलेले. आपल्याकडे धूर नाही, म्हणून व्यसन डोळ्यांवर येत नाही.

पाहणीनुसार देशात एकूण २६.७ कोटी माणसं तंबाखू घेत होती. मला मात्र दुसऱ्याच आकड्याने हलवलं. धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या जवळपास २० कोटींपैकी ४९.६ टक्के लोकांनी ती सोडायचा विचार असल्याचं सांगितलं. म्हणजे सुमारे दहा कोटी. ११६ सिंधुदुर्ग भरतील इतकी माणसं! यांना तंबाखू वाईट हे पटवायची गरज नाही, ते त्यांनीच सांगितलंय. त्यांना हवा आहे हात धरणारा कुणीतरी.

मशेरी लावणारी आई असो की बार भरणारा भाऊ, ‘सोड’ म्हणून ओरडू नका. १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत समुपदेशनाचा क्रमांक त्यांना लावून द्या, आणि बोलणं होईपर्यंत शेजारी बसा.